बाहुल्यांमधले अंतर

दिवाळीची सुटी संपत आली असताना नेवासा तालुक्यातील एक कुटुंब माझ्याकडे आले. सोबत नऊ वर्षांचा मुलगा, त्याची आई, आजी आणि पुण्याला नोकरी करणारा काका होता. काकाने सुटीत आभासी वास्तवाचा हेडसेट घरी आणला होता. घरातल्या प्रत्येकाने पाळीपाळीने तो डोळ्यांवर चढवला. आजींनीही समुद्राचा तळ पाहून घेतला. मुलाची पाळी आली तेव्हा काकाने भिंगे जुळवताना त्याला एकेक डोळा मिटून पाहायला सांगितले. डावा डोळा मिटला, तर चित्र स्वच्छ होते. उजवा मिटताच मुलगा म्हणाला, "आता सगळंच पुसट झालं." काकाने भिंगांचे चाक इकडेतिकडे फिरवले, भिंगे पुसली, हेडसेट बंद करून पुन्हा सुरू केला. अखेर यंत्राचे डावे भिंगच सदोष असावे, असा निष्कर्ष त्याने काढला. तेव्हा आजी म्हणाल्या, "मघाशी मला तर दोन्हीकडून चांगलं दिसत होतं. यंत्राला कशाला बोल लावतोस? पोराच्या डोळ्याकडं बघ."

आजींचे म्हणणे खरे ठरले. त्याकडे वळण्यापूर्वी या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. कारण आता ते शहरातील मॉलमध्ये, जत्रेतील खेळांत आणि सुटीत गावी येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेतही आढळू लागले आहे. ते खेळणे म्हणून घरात येते. प्रत्यक्षात ते दुर्बीण किंवा चष्मा यांच्याच कुळातील प्रकाशीय उपकरण आहे.

आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात आणि मेंदू त्या दोन प्रतिमांच्या मिलाफातून खोलीची जाणीव निर्माण करतो. १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन आरशांच्या साहाय्याने दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दाखवून हे तत्त्व सिद्ध केले. आजचा हेडसेट त्याच तत्त्वावर चालतो. प्रत्येक डोळ्यापुढे एक भिंग व त्यामागे पडदा असतो. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असला तरी भिंगामुळे चित्र साधारण सव्वा ते दोन मीटर अंतरावर असल्यासारखे भासते. म्हणून "पडदा इतका जवळ, मग डोळे जाणारच" ही भीती जशीच्या तशी खरी नाही. काळजीची कारणे निराळी आहेत.

पहिले कारण असे की, हे उपकरण दोन्ही डोळ्यांकडून सारख्या कामाची अपेक्षा करते. याचा एक दाखला आपल्या जिल्ह्यातच आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेले अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे अनेक वाचकांनी मुलाबाळांसह पाहिले असतील. एम-४७ जातीच्या पॅटनमध्ये लक्ष्याचे अंतर मोजण्यासाठी दोन्ही डोळ्यांनी पाहावयाचा दूरमापक असे. तोफेसह फिरणाऱ्या वरच्या भागाच्या दोन बाजूंनी आलेली दोन दृश्ये तोफचीच्या दोन डोळ्यांपुढे येत. त्यांतून जाणवणाऱ्या खोलीवर त्याने खूण नेऊन ठेवली की अंतर कळे. यंत्र उत्तम होते, परंतु ज्याच्या दोन डोळ्यांचा मेळ पक्का नाही, त्याच्या हाती ते निरुपयोगी ठरे. पुढच्या काळातील रणगाड्यांत अंतर मोजण्याच्या दुसऱ्या पद्धती आल्या. मात्र त्या जुन्या दूरमापकाने घातलेली अट आजच्या हेडसेटलाही लागू आहे.

या अटीचा सर्वांत साधा भाग म्हणजे दोन बाहुल्यांमधले अंतर. प्रौढ माणसांत ते सरासरीने ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. मात्र कोणाचे ५५, तर कोणाचे ७० असू शकते. पाच-सहा वर्षांच्या मुलांत ते ५० च्या घरात असते. चष्मा करताना दुकानदार हे अंतर मोजतो, कारण भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर भिंग लोलकासारखे वागते, प्रकाशकिरण वाकतात आणि दोन प्रतिमा एकत्र ठेवण्यासाठी डोळ्यांच्या स्नायूंना सतत ओढाताण करावी लागते. दुर्बिणीचा मधला सांधा आपण उघडमीट करतो, तोही याचसाठी. हेडसेटमध्येही ही सोय असते, पण सर्वांत सारखी नसते. २०२० मध्ये आलेल्या क्वेस्ट-२ मध्ये भिंगांच्या फक्त तीन जागा होत्या: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. २०२३ च्या क्वेस्ट-३ मध्ये एका चाकाने हे अंतर हळूहळू बदलता येते. ॲपलचा व्हिजन प्रो तर डोळे स्वतः न्याहाळून छोट्या मोटारींनी भिंगे सरकवतो. मोबाइल खोचून वापरण्याच्या पुठ्ठ्याच्या स्वस्त खोक्यांत बहुधा यांपैकी काहीच नसते. ज्या लहान मुलाच्या बाहुल्यांमधले अंतर यंत्राच्या किमान मापाहूनही कमी आहे, त्याला ते यंत्र कितीही फिरवले तरी नीट बसणार नाही.

दुसरा भाग चष्म्याच्या नंबराचा. काही मोजक्या हेडसेटमध्ये भिंग फिरवून उणे नंबर लावता येतो. काहींमध्ये नंबराची वेगळी भिंगे आत बसवता येतात. बहुतेक यंत्रांत मात्र चष्मा लावूनच पाहावे लागते. 'यंत्रात दिसते, मग चष्मा कशाला?' असे म्हणून चष्मा काढून ठेवू नये. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासणार नाही एवढे अंतर मात्र राखावे.

आता संवेदकांविषयी. हेडसेटमध्ये वेग व वळण टिपणारे संवेदक असतात. डोके किंचित वळले तरी ते सेकंदाच्या अल्पांशात त्याची नोंद घेतात आणि चित्र त्याप्रमाणे सरकते. बाहेरच्या बाजूचे कॅमेरे खोलीतील भिंती व टेबले पाहतात. दोन भिंगांच्या मधला एक लहानसा संवेदक यंत्र चेहऱ्यावर आहे की काढले आहे, हे ओळखतो. काही महागड्या यंत्रांत अदृश्य अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने नजर कोठे खिळली आहे, हेही पाहिले जाते. हा प्रकाश अत्यंत सौम्य असतो.

एवढे संवेदक असूनही काहींना मळमळते, गरगरते. करंजी घाटातून एस.टी.ने जाताना ज्यांना उलटी होते, त्यांनी यामागचे कारण अनुभवलेले आहे. तेथे कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय 'आपण वळतो आहोत' असे सांगते, तर समोरच्या सीटवर खिळलेले डोळे 'सारे स्थिर आहे' असे सांगतात. हेडसेटमध्ये नेमके उलटे घडते. आभासी गाडी धावते, डोळे 'पळतो आहोत' म्हणतात आणि शरीर खुर्चीत स्वस्थ असते. या विसंवादाने पोट ढवळते. अशा वेळी 'थोडी सवय झाली की जाईल' म्हणून नेट लावू नये. यंत्र उतरवावे, मोकळ्या हवेत बसावे आणि डोके पूर्ण थाऱ्यावर येईपर्यंत दुचाकी चालवू नये.

आणखी एक विसंवाद डोळ्यांच्या आतला आहे. नेहमीच्या व्यवहारात जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातील नैसर्गिक भिंग फुगून दृष्टी तेथे स्थिरावते. हेडसेटमध्ये आभासी फुलपाखरू नाकाजवळ आले की डोळे आत वळतात, पण चित्र ठरलेल्या अंतरावरच राहिल्यामुळे भिंगाला आपली जागा सोडता येत नाही. जन्मभर एकत्र चाललेल्या दोन क्रिया अशा विलग झाल्या की डोळे जड होतात, कपाळ दुखते. म्हणून वीस मिनिटांनंतर यंत्र काढून खिडकीबाहेर दूरवर पाहावे. मुलांच्या बाबतीत तर उत्पादकांनीच मर्यादा घातली आहे. क्वेस्टसाठी ती पालकांच्या देखरेखीखाली दहा वर्षे आहे, तर ॲपलच्या यंत्रासाठी तेरा. त्या मुलाचे वय नऊ होते. म्हणजे नियमाने ते यंत्र त्याच्या डोळ्यांवर चढायलाच नको होते, हेही मी काकाला सांगितले. ज्यांना अपस्माराचे झटके येतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हेडसेट लावूच नये.

घरात हेडसेट असेल तर थोडी शिस्त पुरेशी आहे. चष्म्याच्या दुकानात प्रत्येकाच्या बाहुल्यांमधले अंतर मोजून घ्यावे व ते आकडे यंत्राच्या डब्यावरच लिहून ठेवावेत. एकाने वापरून दुसऱ्याला देताना भिंगे नव्या मापावर आणावीत. चेहऱ्याला टेकणारी गादी प्रत्येक वेळी पुसावी. घरात कोणाचे डोळे आले असतील तर यंत्र बंद ठेवावे. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर आलेली डोळ्यांची साथ आपण विसरलेलो नाही. यंत्र खिडकीत ठेवू नये, कारण भिंगावर पडलेले ऊन एकवटून आतला पडदा जाळते. आणि मुलांचा सुटीतला मोठा वेळ अंगणात, उजेडात जावा. बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टीचे प्रमाण कमी आढळते.

आता पुन्हा त्या मुलाकडे. तपासणीत त्याचा उजवा डोळा निर्दोष निघाला. डाव्याला मोठा अधिक नंबर होता आणि तो कधीच कोणाच्या लक्षात आला नव्हता. उजवा डोळा सारे काम सांभाळत असल्याने मूल धावत होते, वाचत होते, वर्गात पहिल्या पाचांत येत होते. दरम्यान डाव्याकडून येणाऱ्या पुसट प्रतिमेकडे मेंदूने लक्ष देणेच सोडले होते. यालाच आपण आळशी डोळा म्हणतो. हा डोळा बाहेरून लाल होत नाही, दुखत नाही, तिरळाही दिसेलच असे नाही. हेडसेटने हा दोष निर्माण केला नव्हता आणि त्याच्या एकाही संवेदकाने तो ओळखलाही नव्हता. नजर कोठे वळली, हे यंत्र मोजू शकते. त्या नजरेला काय दिसले, हे ते जाणत नाही. दोष उघड झाला तो एकेक डोळा मिटून पाहण्याच्या साध्या कृतीने, आणि मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या आजीमुळे.

मुलाला चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितली. पट्टीला तो आधी फार रडला. मग आजी त्या दोन तासांत त्याच्याकडून रोज वर्तमानपत्र वाचून घेऊ लागल्या. आठ महिन्यांनंतर डाव्या डोळ्याने तो तक्त्यावरच्या तीन ओळी अधिक वाचतो. शेवटच्या ओळी त्याला अजून येत नाहीत, आणि कदाचित येणारही नाहीत. हेच चौथ्या-पाचव्या वर्षी कळले असते तर हाती अधिक लागले असते, कारण वयाबरोबर मेंदूचा हा लवचीकपणा कमी होत जातो.

म्हणून एक विनंती. हेडसेट घरात असो वा नसो, आज संध्याकाळी आपल्या लेकरासमोर भिंतीवरचे कॅलेंडर धरा. तळहाताने त्याचा एक डोळा झाका, तारखा वाचायला सांगा, मग दुसरा झाका. दोन्ही वेळी उत्तर सारखे आले तर समाधान माना, तरी शाळेत जाण्यापूर्वी एकदा नेत्रतपासणी करून घ्याच. उत्तर वेगळे आले तर मात्र दोष कॅलेंडरचा नाही, हे ध्यानात घ्या आणि उद्याच नेत्रतज्ज्ञांकडे जा.