जखम भरल्याची खात्री कोण देणार?

विमानाच्या पंखावर चुकून एखादे अवजार पडले, तर धातूला पोचा पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो. कार्बन फायबरच्या संमिश्र पदार्थाचे तसे नाही. त्याचा पृष्ठभाग निर्दोष दिसत असतानाही आत राळेने जोडलेले थर सुटू लागलेले असतात. हलक्या व बळकट अशा या पदार्थाचे हेच मोठे वैगुण्य होय.

आपली जखम आपणच भरून काढणारा पदार्थ हा त्यावरचा उतारा. २००१ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राळेत द्रवाच्या सूक्ष्म कुप्या व उत्प्रेरकाचे कण मिसळले. भेग पोहोचताच कुपी फुटते, द्रव भेगेत झिरपतो आणि उत्प्रेरकाच्या स्पर्शाने घट्ट होतो. चाचणीत राळेची भेगेला रोखण्याची शक्ती ७५ टक्क्यांपर्यंत परत आली. पण फुटलेली कुपी पुन्हा भरत नाही. २०२२ साली नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी थरांमध्ये उष्णतेने मऊ होणारे बहुवारिक घालून, जागच्या जागी उष्णता देत, नमुने शंभर वेळा सांधून दाखवले.

हे यश मोलाचेच. परंतु खरा कस परीक्षणात आहे. नमुन्याचे थर ओढून फाडायचे, त्याला लागलेली ऊर्जा मोजायची, नमुना सांधायचा आणि पुन्हा फाडायचा. मिसळलेल्या कुप्यांमुळे न दुखावलेला भाग तर दुबळा होत नाही ना, पावसाळी दमट हवेत आणि वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांत हा गुण टिकतो का, हेही तपासावे लागते. वैमानिकाचे प्राण या उत्तरांवर अवलंबून असतात.

‘तेजस’ विमानाच्या सांगाड्याच्या वजनात संमिश्र पदार्थांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. म्हणजे हा प्रश्न आपल्याही दारात उभा आहे. स्वतःच सांधले जाणारे स्फटिक २०२१ साली कोलकात्याच्या ‘आयसर’ व खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी जगापुढे मांडले, तेव्हा येथील प्रतिभेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र शोधनिबंधाचा जेवढा गौरव होतो, तेवढाच वर्षानुवर्षे नमुने फाडून नोंदी ठेवणाऱ्या परीक्षकाचाही व्हायला हवा. त्याला निधी आणि अवधी दोन्ही मिळायला हवेत. पदार्थ उद्या विकतही मिळेल. आपल्या हवेत, आपल्या विमानावर तो किती काळ टिकेल, याची खात्री मात्र आपणच करून घ्यावी लागेल. स्वावलंबनाची खरी कसोटी तीच आहे.