सहांतली एक

एका गोष्टीचा भयपट संपला की लोक विचारतात, ‘भीती वाटली का?’ चार-सहा छोट्या भयकथा एकत्र गुंफलेला चित्रपट संपला की प्रश्न बदलतो, ‘तुला कुठली आवडली?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं. दुसऱ्यावर वाद होतो. गेल्या गणपतीत पालघर जिल्ह्यातल्या सरावलीच्या आमच्या वसाहतीत मंडळानं पडदा लावून ‘डरना मना है’ दाखवला आणि हा वाद विसर्जनापर्यंत पुरला. तो ऐकताना मला प्रेक्षक नावाच्या माणसाबद्दल बरंच काही कळलं.

चित्रपट २००३ सालचा. निर्मिती राम गोपाल वर्मांची, दिग्दर्शन प्रवाल रमण यांचं. रात्री जंगलात गाडी बंद पडते, अडकलेले मित्र शेकोटीभोवती बसून एकेक भयकथा सांगू लागतात आणि सांगता सांगता त्यांच्यातलेच एकेक कमी होत जातात. अशा सहा कथा. कलाकार नावाजलेले, पण प्रत्येक गोष्टीची गरज मोजकीच. एक हॉटेल, एक शाळेचा वर्ग, रात्रीच्या रस्त्यावरची एक गाडी, टोपलीभर सफरचंदं. पैसा कमी असलेल्या माणसानंही ‘हे मला जमेल’ म्हणावं असा हा ऐवज आहे.

आमचा प्रेक्षक म्हणजे तारापूर एमआयडीसीच्या आसपास जमतो तसा. पहिल्या पाळीहून आलेले ऑपरेटर, तिसऱ्या पाळीला जायचे म्हणून डबा शेजारी ठेवून बसलेले हेल्पर, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली मुलं, डहाणू-तलासरीकडून इथं भाड्यानं राहायला आलेली कुटुंबं, आणि पुढच्या सतरंजीवर सगळ्या वसाहतीची पोरं. पडद्यावरचं पात्र दाराकडे वळलं की मागून आरोळी यायची, ‘अरे, पीछे देख!’ एक मावशी प्रत्येक धक्क्याला हसायच्या. शेजारची मुलगी चिडून म्हणाली, ‘मावशी, तुम्ही हसताय काय!’ त्या म्हणाल्या, ‘हसू नको तर काय करू? छातीत धडधडतंय माझ्या.’

त्या हसण्याबद्दल आधी सांगतो, कारण भयपटाच्या प्रेक्षकावर पहिला आरोप तोच होतो. लोक हसले म्हणजे चित्रपट फसला, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. ताण अंगात मावेनासा झाला की शरीर तो बाहेर टाकतं, कधी किंकाळीतून, कधी हसण्यातून. मेकअप ओघळलेला दिसला म्हणून येणारं हसू वेगळं आणि धक्का बसून गेल्यावर शेजारच्याचा हात धरून येणारं हसू वेगळं. पहिलं हसून झालं की माणसं आपापसांत बोलायला लागतात. दुसरं ओसरतं तशी शांतता पसरते आणि सगळ्यांचे डोळे पुन्हा पडद्यावर जातात. हा फरक अंधारात लोकांच्या मध्ये बसलेल्यालाच कळतो. म्हणून भयपट बनवणाऱ्यानं आपला चित्रपट एकदा तरी अशा गर्दीत बसून पाहावा.

आता त्या वादाकडे येतो. रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलाला सिगारेटची गोष्ट सर्वांत भारी वाटली. तीत बोमन इराणी यांचा हॉटेलमालक आहे आणि त्याला सिगारेट ओढणाऱ्यांचा भयंकर तिटकारा आहे; त्याच्या तावडीत सैफ अली खान सापडतो. मुलगा म्हणाला, ‘आमच्या गेटवर रोज काडेपेटी काढून घेतात. मला तो माणूस खराच वाटला.’ सॉल्व्हंटच्या पिंपांशेजारी उभं राहून काम करणाऱ्याला एका ठिणगीचं भय कुणी समजावून सांगावं लागत नाही. रात्री उशिरा चिल्हार रस्त्यानं हायवेवरून घरी येणाऱ्या टेम्पोचालकाला नाना पाटेकर आणि विवेक ओबेरॉय यांची गोष्ट लागली. रात्रीचा रस्ता, गाडीत घेतलेला अनोळखी माणूस आणि त्याचं बोलणं, एवढाच तिचा पसारा. शिकवणी घेणाऱ्या एका ताईंना रघुवीर यादव यांची, वर्गातल्या गृहपाठाची गोष्ट सोडवेना. मुलांनी सफरचंदवाली उचलली, शिल्पा शेट्टी आणि राजपाल यादव यांची. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर प्रसादाच्या ताटात सफरचंदाच्या फोडी होत्या. काही पोरांनी पेढा घेतला आणि फोडींना हात लावला नाही.

प्रसादाच्या ताटापुढे मागे सरलेला तो लहानगा हात मला कुठल्याही परीक्षणापेक्षा, कुठल्याही ताऱ्यांच्या गुणांकनापेक्षा मोठी दाद वाटतो. गोष्ट पडद्यावर संपली आणि मुलाच्या दिवसात शिरली. भयकथेला याहून जास्त काही साधायचं नसतं.

पण त्याच वादात एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं, ‘दोन चांगल्या होत्या, बाकी बेकार.’ अनेक कथांच्या प्रत्येक चित्रपटाच्या वाट्याला हे वाक्य येतं आणि बहुतेकदा तोच त्याचा निकाल ठरतो. माझं म्हणणं असं की हा हिशेबच चुकीचा आहे. सहा कथांची सरासरी काढून चित्रपटाला तीन तारे द्यायचे, हे त्या प्रकाराचं मूल्यमापन होत नाही. कथासंग्रह वाचून आपण सरासरी काढत नाही. एक कथा मनात घर करून राहते आणि त्या एका कथेसाठी पुस्तक कपाटात ठेवलं जातं. शिवाय कुठल्या दोन चांगल्या, यावर आमच्या वसाहतीत एकमत नव्हतंच. कारखान्यातल्या मुलाला जी बेकार वाटली तीच मुलांनी प्रसादापर्यंत नेली होती.

चित्रपटांचा इतिहासही हेच सांगतो. १९४५ साली इंग्लंडमध्ये ‘डेड ऑफ नाइट’ नावाचा भयकथांचा चित्रपट आला. अमेरिकेत दाखवताना त्यातल्या दोन कथा आधी कापून टाकल्या होत्या. आज तो जगभर आठवला जातो तो मुख्यतः शब्दभ्रमकार आणि त्याच्या बाहुल्याच्या एका कथेसाठी. सत्यजित राय यांनी रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये, ‘तीन कन्या’ केला. मधली ‘मणिहारा’ ही दागिन्यांचा हव्यास असलेल्या बाईची भूतकथा. परदेशात हा चित्रपट गेला तेव्हा ती वगळली गेली आणि तीनच्या दोन कन्या झाल्या. भारतीय चित्रपटातली इतकी देखणी भूतकथा कित्येक वर्षं बाहेरच्या प्रेक्षकापर्यंत पोचलीच नाही. कुठली कथा कापावी हे प्रेक्षकाच्या आधी दुसऱ्यानं ठरवलं की असं होतं. याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या ‘व्ही/एच/एस’चं. २०१२ सालचा हा कमी खर्चातला स्वतंत्र चित्रपट वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी एकेक तुकडा करून जोडलेला. प्रेक्षकांनी त्यातली एक कथा अशी काही उचलून धरली की २०१६ मध्ये तिच्यावरून ‘सायरन’ हा स्वतंत्र चित्रपट निघाला. म्हणजे प्रेक्षकाची आवड ही नुसती प्रतिक्रिया राहिली नाही. पुढचा चित्रपट तिनं घडवला.

मराठीसाठी हा प्रकार तर घरचाच आहे. आपलं भयसाहित्य वाढलं ते मुख्यतः कथेच्या अंगानं. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या दिवाळी अंकांनी गूढकथेचा वाचक घडवला. रत्नाकर मतकरींनी गूढकथेला साहित्यात मानाची जागा मिळवून दिली. त्यांच्या कथांवरची ‘गहिरे पाणी’ ही मालिका अल्फा मराठीवर लागायची तेव्हा घराघरांत दिवे मालवून लोक बसत. त्यांच्या कथेत भूत दिसेलच असं नसे. साध्या मध्यमवर्गीय घरात एखादी गोष्ट किंचित जागची हललेली असायची, आणि तेवढ्यानं अंगावर काटा यायचा. अशी कथा अडीच तास ताणली की पातळ होते. वीस मिनिटांत ती नेमकी बसते. आणि वीस मिनिटांना एक घर, तीन माणसं आणि चांगला ध्वनी पुरतो.

नारायण धारपांचंच बघा. ‘तुंबाड’मधली ती अंधाऱ्या खोलीतली आजी धारपांच्या ‘आजी’ या कथेतून आली. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट भयकथांचा संग्रह नाही, पण तोही १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन प्रकरणांत सांगितलेला आहे, आणि लोक त्याबद्दल बोलतात तेव्हा बहुतेकदा पहिल्या प्रकरणाबद्दल बोलतात. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो लागला तेव्हा व्हेनिसच्या महोत्सवात गाजून आलेला होता, तरी आपल्याकडे त्याला मोठी गर्दी झाली नाही. मग पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगितलं, घराघरांत तो छोट्या पडद्यावर पाहिला गेला, आणि १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा थिएटरात लागल्यावर त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. चित्रपट तोच होता. प्रेक्षकांनी आपला निकाल सहा वर्षांनी फिरवला. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ही असाच तोंडोतोंडी वाढला. उसाचं शेत, एक घर, पूजा सावंत आणि उषा नाईक, बहुतेक भय भर उजेडात, आणि मुळाशी मुलगी नको म्हणून केलेली हत्या. जुलै २०१७ मध्ये तो आला, आणि पुढे त्याच दिग्दर्शकानं हिंदीत त्याचाच ‘छोरी’ केला. जून २०२५ मध्ये हृषीकेश गुप्ते यांच्या ‘जारण’नं अमृता सुभाष आणि अनिता दाते यांच्या बळावर लोकांना थिएटरात आणलं. हृषीकेश गुप्तेही मुळात भयकथा लिहिणारे. वाट पुन्हा कथेकडूनच आली.

या सगळ्यांतून एक गोष्ट मनावर ठसते. मोठ्या चित्रपटाला जाहिरात तारते. छोट्या भयपटाला फक्त पाहणाऱ्याचं तोंड तारतं. त्याच्याकडे दुसरा आठवडा नसतो. शुक्रवारी लागलेला चित्रपट पुढच्या शुक्रवारी उतरतो, आणि ‘ठीक होता’ हे दोन शब्द त्याला संपवायला पुरतात. म्हणून आपल्या प्रतिक्रियेचं वजन आपण ओळखलं पाहिजे.

आणि पाहण्याची पद्धतही. आमच्याकडे बहुतेकांचा चित्रपट मोबाइलवर, डहाणू लोकलमध्ये, दुपारच्या उजेडात पाहिला जातो. पाळ्यांच्या आयुष्यात दुसरा वेळ नसतो, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल कुणाला दोष नाही. पण कमी खर्चातल्या भयपटाचा अर्धा जीव त्याच्या आवाजात आणि काळोखात असतो. राक्षस दाखवायला पैसे नसतात, म्हणून तो दाराआड ठेवला जातो आणि नुसता ऐकवला जातो. उजेडात तो काळोख काळा चौकोन होऊन बसतो, आणि डब्याच्या खडखडाटात आवाज हरवतो. अशा पाहण्यावरून ‘काही दम नाही’ म्हणणं तो चित्रपट करणाऱ्यांवर अन्याय आहे. निदान कानात इअरफोन हवेत, खोलीत अंधार हवा, आणि सोबत एखादं माणूस हवं.

सोबत का हवी, तेही त्या रात्री दिसलं. एका कथेत जमिनीखालून आल्यासारखा घरघराट होता. तो सुरू झाला आणि धुंदलवाडीकडचं एक कुटुंब बसल्या जागी ताठ झालं. आईनं मुलाला जवळ ओढलं. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीच्या त्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. तिथल्या लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या आहेत. बाकीच्यांना तो नुसता पार्श्वसंगीताचा आवाज होता. त्या आईकडे पाहून दोन-चार जणींना ते कळलं, त्या सरकून तिच्याजवळ बसल्या, आणि चित्रपट पुढे गेला. एकट्यानं मोबाइलवर पाहताना यातलं काहीही घडलं नसतं. भय वाटून घेतलं की सोसतं, आणि शेजारच्याचं खरं भय कोणतं, हेही कळतं.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली पालघर-बोईसर-तारापूरच्या मंडळांना. गणेशोत्सवातली एक रात्र छोट्या चित्रपटांसाठी राखा, आणि त्यात इथल्या पोरांनी केलेल्या भयकथांना जागा द्या. आपल्याकडे ऐवज कमी नाही. वाडवळ वाड्या आहेत, कोळीवाड्यांच्या दर्यावरच्या गोष्टी आहेत, जंगलपट्टीत आजीनं सांगितलेले हडळ, खवीस, चकवा आहेत, आणि रात्रभर धुमसणारे कारखाने आहेत. भगताच्या नावानं चालणारी फसवणूक आणि तिच्यापायी डाकीण ठरवली जाणारी बाई हा तर इथला सर्वांत खरा भयविषय आहे. त्यासाठी २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. सहा मुलांनी प्रत्येकी दहा मिनिटांची एकेक कथा केली, तर तासाभराचा चित्रपट उभा राहतो. एकट्यावर खर्च पडत नाही, आणि एकाची फसली तरी दुसऱ्याची लागते.

दुसरी विनंती प्रेक्षकांना. असा चित्रपट पाहून बाहेर पडाल तेव्हा ‘ठीक होता’ म्हणू नका. कुठली कथा लागली, तिच्यातला कुठला क्षण लागला, ते नाव घेऊन सांगा. नाही आवडलेलीही सांगा, पण कारणासकट. ज्या मुलानं मित्राच्या कॅमेऱ्यावर, उसन्या घरात, सुट्टीच्या दिवशी ती कथा चित्रित केली, त्याला पुढची कथा करायची ताकद तुमच्या त्या एका नेमक्या वाक्यातूनच मिळणार आहे. सहांतली एक लागली असेल, तर चित्रपट यशस्वी झाला असं मी मानतो, आणि तुम्हीही मानावं असं मला मनापासून वाटतं.