दाबाचा दाखला आणि फटीतली हवा

अणुवीज केंद्रात अपघात घडला तर ज्यांना तेथून निघून जाण्याची मुभा नसते, अशी काही माणसे नियंत्रण कक्षात बसलेली असतात. आसपासची गावे हलविली जातात, इतर कामगार फाटकाबाहेर काढले जातात, मंत्री राजधानीतून निवेदने काढतात. पण अणुभट्टी थंड ठेवणारी पाळी आपल्या जागेवरून उठू शकत नाही. ती उठली तर गावे हलवूनही भागत नाही. यास्तव त्या खोलीतील हवा श्वास घेण्याजोगी राहणे हा त्या मूठभर कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न आहेच, शिवाय साऱ्या पंचक्रोशीच्या जीविताचाही प्रश्न आहे. असे असूनही, अणुविजेच्या बाजूने बोलणारे आणि तिच्याविरुद्ध बोलणारे, दोघेही त्या खोलीच्या दाराशी पोचण्याआधीच माघारी वळतात. एकाला अणुभट्टीच्या भिंतीची जाडी सांगायची असते, दुसऱ्याला चेर्नोबिलची आठवण द्यायची असते. मधल्या मध्ये दाराची रबरी पट्टी झिजत राहते.

या खोलीसाठी जी आपत्कालीन वायुवीजन व्यवस्था असते तिचे तत्त्व कोणाही वाचणाऱ्या माणसाला समजण्यासारखे आहे. ‘ही तांत्रिक बाब आहे’ असे म्हणून कार्यकर्त्याला गप्प बसविण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याला येथे तरी जागा नाही. किरणोत्सर्गाची चाहूल लागताच बाहेरची हवा आत घेणारे नेहमीचे मार्ग झडपांनी बंद होतात आणि दुसरा पंखा सुरू होतो. तो जी थोडी हवा घेतो ती आधी अतिसूक्ष्म कण अडविणाऱ्या गाळणीतून आणि मग सक्रिय कोळशाच्या थरांतून जाते. गाळणी कण अडविते, कोळसा किरणोत्सारी आयोडिनची वाफ धरून ठेवतो. या हवेने खोलीतला दाब किंचित वाढतो, म्हणजे फटी असल्याच तर हवा आतून बाहेर जावी, बाहेरून आत येऊ नये. काही केंद्रांत बाहेरची हवा न घेता आतलीच गाळून फिरविली जाते. हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीपासून केलेला असतो. ज्यांच्या गावांशेजारी सहा अणुभट्ट्या उभारण्याचा घाट घातला गेला त्या जैतापूरकरांनी, कोकणच्या माडाला अणुयुगातही मान आहे एवढे समाधान तूर्त मानून घ्यावे.

तत्त्वात खोट नाही. खोट आहे ती फटीत. भिंतींतून असंख्य केबली आरपार जातात आणि प्रत्येक केबलीभोवती भोक असते. दारांच्या कडांच्या पट्ट्या वर्षानुवर्षांच्या उघडझापीने झिजतात. जमिनीतील मोरीच्या वाकड्या नळीतले पाणी सुकले की ती नळी हवेची वाट बनते. दुसऱ्याच विभागाची हवा नेणारे पत्र्याचे नळ खोलीच्या छतावरून जातात. पण सर्वांत फसवी जागा पंख्यापाशी असते. गाळणी आणि पंखा यांच्या मधला नळ खोलीबाहेरच्या, दूषित होऊ शकणाऱ्या जागेतून येत असेल आणि त्याच्या सांध्याला फट असेल, तर त्या फटीतून न गाळलेली हवा आत ओढली जाते आणि पंखा ती थेट कामगारांच्या अंगावर सोडतो. कोळसा कितीही उत्तम असो, त्याला वळसा घालून आलेल्या हवेचे तो काय करणार?

आता ही खोली बंद आहे की नाही, हे तपासायचे कसे? अमेरिकेतील अनेक केंद्रांत वर्षानुवर्षे याचे उत्तर ठरलेले होते: पंखा लावा आणि दाब मोजा. शेजारच्या जागेपेक्षा आतला दाब पाण्याच्या स्तंभाच्या मापाने इंचाचा अष्टमांश, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, अधिक भरला की चाचणी उत्तीर्ण. दाखल्यावर सही, फाईल बंद. यातली मेख अशी, की पंख्यामागच्या फटीतून चोरून येणारी हवाही दाब वाढविण्यास मदतच करते. जितकी घाणेरडी हवा आत येईल तितका दाब चढेल आणि तितक्याच दिमाखात खोली उत्तीर्ण होईल! चोराच्या पावलांचा आवाज ऐकून पहारेकरी जागा आहे असा निर्वाळा देण्यासारखाच हा प्रकार होता.

खरी मोजणी निराळी असते. खोलीच्या हवेत सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा सहज ओळखता येणारा वायू थोडा मिसळतात आणि त्याचे प्रमाण तासागणिक किती घटते ते पाहतात. रांजणातल्या खारट पाण्यात कोठून तरी गोडे पाणी झिरपत असेल तर खारटपणा कमी होत जातो; त्या उतारावरून झिरपा किती ते कळते. पंख्याने रीतसर घेतलेली हवा त्यातून वजा केली की चोरवाटेने आलेली हवा आकड्यात हाती येते. ही पद्धत गूढ नाही. मात्र तिला वेळ लागतो, पैसा लागतो आणि तिचा निकाल व्यवस्थापनाच्या मर्जीने लागत नाही.

अमेरिकेत नियंत्रण कक्षातील माणसाला संपूर्ण अपघातकाळात ५ रेमहून, म्हणजे ५० मिलीसिव्हर्टहून, अधिक मात्रा मिळता कामा नये असा निकष १९७१ सालापासून होता. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड येथे अपघात झाला तेव्हा नियंत्रण कक्षातील माणसांना मुखवटे चढवावे लागले आणि ऐन संकटात एकमेकांचे बोलणे समजणे कठीण झाले. १९८० मध्ये नियामकाने प्रत्येक केंद्राला आपल्या नियंत्रण कक्षाची फेरतपासणी करण्यास सांगितले. कंपन्यांनी हिशेब केले. अनेक हिशेबांत न गाळलेली हवा मिनिटाला जेमतेम दहा घनफूट धरली होती, आणि तीही दार उघडता-मिटताना येणारी म्हणून. बाकीची खोली जणू मेणाने लिंपलेली! पुढे सुमारे ३० टक्के केंद्रांत वायू मिसळून खरी मोजणी झाली, तेव्हा एक अपवाद वगळता सर्वत्र गळती हिशेबात धरलेल्या आकड्यापेक्षा अधिक निघाली, काही ठिकाणी तर कितीतरी पटींनी. जून २००३ मध्ये नियामकाने सर्व केंद्रांना पत्र लिहून याचा खुलासा मागितला आणि केवळ दाबाच्या चाचणीने गळती सिद्ध होत नाही हे मान्य केले. निकष १९७१ चा, खुलाशाची मागणी २००३ ची. मधल्या बत्तीस वर्षांत ज्या पाळ्या त्या खोल्यांत बसल्या त्यांचे रक्षण दाखल्यावरची सही करीत होती.

कोळशाच्या बाबतीतही हेच घडले. नमुना प्रयोगशाळेत अधिक तापमानाला तपासला की त्यातला ओलावा उडून जातो आणि कोळसा आहे त्याहून कर्तबगार दिसतो. प्रत्यक्षात नियंत्रण कक्षाची हवा इतकी तापलेली नसते. चाचणी ३० अंश सेल्सियसला व दमट हवेत झाली पाहिजे, हे अमेरिकी नियामकाने १९९९ मध्ये बजावले. शिवाय रंगाच्या आणि रसायनांच्या वाफांनी कोळसा निकामी होतो. फटी बुजविण्यासाठी लुकण, फेस आणि रंग घेऊन आलेल्या मजुराला पंखा चालू असताना काम करू दिले, तर फट बुजते आणि गाळणी मरते. तेव्हा हे काम कोणी, केव्हा, कोणाच्या देखरेखीखाली करायचे हा प्रश्न ठेकेदाराच्या निविदेवर सोडता येत नाही. ज्या कंत्राटी मजुराला उद्या कामावर घेतील की नाही याची शाश्वती नाही, तो ‘आधी पंखा बंद करा’ असे अधिकाऱ्याला बजावील अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

सुरक्षा हा परदेशातील खासगी भांडवलाचा प्रश्न आहे, आपल्याकडे अणुवीज सरकारची आहे, असे समाधान चळवळीतही काही जण मानत आले. त्यांनी नरोरा आठवावे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील त्या केंद्राच्या पहिल्या संचात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलींतून पसरली आणि केंद्राची वीज सुमारे सतरा तास गेली. धूर नियंत्रण कक्षात शिरला. ज्यांनी कोणत्याही परिस्थितीत तेथे बसून राहायचे त्यांना खोली सोडून बाहेर पडावे लागले, आणि पर्यायी कक्षही विजेअभावी कामाचा राहिला नाही. शेवटी कामगार विजेऱ्या घेऊन अंधारात अणुभट्टीच्या इमारतीत वर चढले आणि बोरॉनमिश्रित पाणी भट्टीत सोडण्यासाठी त्यांनी हातांनी झडपा उघडल्या. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी पाणी पुरविले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही याचे श्रेय त्या माणसांना आहे. ज्या खोलीने त्यांना आसरा द्यायचा होता, तिच्या वाट्याला त्यातले काही जात नाही. त्या दिवशी धूर होता म्हणून तो डोळ्यांना झोंबला आणि माणसे उठली. किरणोत्सारी आयोडिनला वास नाही, रंग नाही. ते शिरले असते तर कोणी खुर्चीवरून हललेही नसते. सार्वजनिक मालकी मोलाची खरी, पण केबलीभोवतीचे भोक बुजवायला लुकणच लागते.

अठरा वर्षांनी जपानमध्ये नेमके तेच घडले. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा दाइची येथे वीज गेली आणि नियंत्रण कक्षांची आपत्कालीन वायुवीजन व्यवस्था बंद पडली. अपघाताच्या वेळी ज्या पंख्याने माणसाला वाचवायचे, तो अपघातानेच बंद पाडला. सहा कामगारांना, आणीबाणी म्हणून १०० वरून वाढविलेल्या २५० मिलीसिव्हर्टच्या मर्यादेपेक्षाही अधिक मात्रा मिळाली. त्यांतल्या तिसऱ्या व चौथ्या संचांच्या सामाईक नियंत्रण कक्षातील दोघांची मात्रा ६०० च्या वर होती आणि सर्वाधिक आकडा सुमारे ६७८ होता. यातला बहुतांश भाग श्वासावाटे शरीरात गेलेल्या आयोडिनचा होता. अमेरिकी निकषाशी तुलना केली तर हे प्रमाण तेरा पटींहून अधिक भरते.

यावर अणुखात्याच्या कैवाऱ्यांचा नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे: अशा चर्चेने लोकांत भीती पसरते. आकडा लपविल्याने भीती कमी होत असती तर तारापूरच्या कोळ्यांना आणि माडबनच्या शेतकऱ्यांना ती कधीच वाटायला नको होती. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखून धरण्याचे भरघोस अधिकार सरकारला दिलेलेच होते. दुसरा आक्षेप आपल्याच बाजूचा आहे आणि तो अधिक गंभीरपणे घ्यावयास हवा. अणुवीजच नको, ही ज्यांची भूमिका आहे त्यांनी नियंत्रण कक्षाच्या पट्ट्यांची उठाठेव का करावी? तसे केल्याने केंद्रांना मान्यता दिल्यासारखे होत नाही काय? खाणी राष्ट्राच्या मालकीच्या व्हाव्यात ही मागणी करणाऱ्यांनी, त्या होईपर्यंत खाणीतल्या कामगाराने टेकूविना काम करावे असे कधी म्हटले नव्हते. केंद्र बंद करण्याचा लढा दहा वर्षे चालेल, वीस वर्षे चालेल. पाळी मात्र आज रात्रीही भरते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जो नवा कायदा संमत केला त्याने १९६२ चा कायदा मोडीत काढला, अणुवीज केंद्रे चालविण्याचे दार खासगी कंपन्यांना उघडले आणि १९८३ पासून अणुऊर्जा आयोगाच्या छायेत वावरलेल्या नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. हा दर्जा खरा की शोभेचा, हे ठरविण्यास मोठमोठ्या परिसंवादांची गरज नाही. तारापूरपासून कुडनकुलमपर्यंत प्रत्येक केंद्रातील कामगार संघटनेने आणि त्या त्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी मंडळाकडे लेखी तीन आकडे मागावेत: नियंत्रण कक्षाची गळती वायू मिसळून शेवटी कोणत्या साली मोजली, ती मिनिटाला किती भरली, आणि अपघाताच्या हिशेबात ती किती धरली आहे. त्या मोजणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी हजर होता काय, हेही त्याच पत्रात विचारावे. उत्तरादाखल दाबाचा दाखला आला, तर तो परत पाठवावा.