ताकाचा हिशेब



उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या, जेवण उरकत आले की ताक, चैत्रात कैरीचे पन्हे. ही आपल्या घरची रीत. यातले काहीही बाटलीतून येत नव्हते. गूळ गुऱ्हाळातला, कैरी बांधावरची, ताक गोठ्यातले.

आज पाहुण्याला चहा मिळतो आणि पंगतीला रंगीत बाटली. शहरातले विद्वान म्हणतात, खेड्यातला माणूस संस्कृती विसरला. विसरला काय! घरचे दूध दोन्ही वेळा संकलन केंद्रावर जाते. फॅट आणि एसएनएफ लागेल तसा दर पडतो, त्यातून पेंडीची उधारी फिटते. विरजणाला दूधच उरले नाही तर घुसळायचे काय? पूर्वी लोण्याचे तूप व्हायचे, तुपाचे चार पैसे बऱ्याच घरी बाईच्या हाती यायचे आणि ताक शेजारीपाजारी फुकट जायचे. ताकाला जाऊन भांडे लपवायची म्हण त्याच व्यवहारातली. ताकाला मोल नव्हते. घुसळणाऱ्या हातांना तर नव्हतेच.

तेच ताक आता पाकिटात भरून रोखीने विकले जाते. मग हा धंदा गावाने का करू नये? करावा, पण सरकारची नजर पाहा. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या दही, ताक, लस्सी आणि गुळावर ५ टक्के जीएसटी बसवला. सुटा माल वगळला. एकटा लहान विक्रेता उलाढालीच्या मर्यादेखाली सुटतो. चार गावे एकत्र येऊन मोठा व्यवहार करू लागली की वसुली सुरू. म्हणजे कच्चा माल विका, पक्क्याच्या वाटेला जाऊ नका.

कोकणात जेवणानंतरचा मान सोलकढीचा. कोकम उन्हाळ्याच्या शेवटी पिकते. फळे उतरवून सालींना मीठ लावून आगळ काढायच्या आत पाऊस आला, तर माल झाडाखाली कुजतो. वाळवणाची आणि साठवणीची सोय हाच तिथला खरा प्रश्न, पाककृतींच्या स्पर्धा नव्हेत.

जिल्हा बैठकीत दुधाच्या दराबरोबर प्रक्रियेचा विषयही घ्यावा. त्या दिवशीच्या जेवणात बाटल्या नकोत. ताक गावातल्याच बायांकडून घ्यावे, दर आधी ठरवावा आणि पैसे त्यांच्याच हाती, रोख द्यावेत. कार्यकर्ते आले म्हणून फुकट मागू नये.