काकडीवरचा आळ

उसाच्या जोडीला आपण काकडी, मेथी करतो, म्हणून हे लिहितो. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या साथीत पन्नासांहून अधिक माणसे दगावली. आधी आळ आला स्पेनच्या काकडीवर. पण तिच्यावरचा जंतू निराळ्या जातीचा निघाला. साथीच्या जंतूत विष तयार करणारे आणि आतड्याला चिकटवणारे, अशी दोन्ही जनुके होती. हीच त्याची खूण. माग लागला तो मोड आलेल्या मेथीपाशी. तोवर स्पेनच्या शेतकऱ्याचा माल मातीमोल झाला! उद्या चऱ्होलीच्या भाजीकडे कोणी बोट दाखवले तर? नुसता जंतू सापडला म्हणून गप्प बसू नये. जनुकांची तपासणी मागावी. मात्र आपणही इंद्रायणीच्या मैल्या पाण्यात भाजी धुऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.