सेवाकार्याची लेखणी आणि संमेलनाचा खर्च

स्वयंसेवी संस्थांना नियमितपणे देणगी देणाऱ्या सुजाण ग्राहकांचा एक प्रश्न शाखेतील आम्हा मंडळींच्या चांगल्या परिचयाचा आहे. 'आमच्या शंभर रुपयांपैकी गरजूंपर्यंत नेमके किती पोहोचतात?' प्रश्न रास्त आहे, तो विचारलाच पाहिजे. मात्र त्याच्या कात्रीत संस्थेचा जो खर्च सर्वांत आधी सापडतो, तो कार्यकर्त्यांच्या शिक्षणाचा. त्यातही एखादी कार्यकर्ती ब्लॉगलेखकांच्या संमेलनासाठी दोन दिवस परगावी जाऊन आली, असे हिशेबात दिसले की विश्वस्तांच्याही कपाळावर आठी पडते. लिहायचे ते घरी बसून लिहावे, त्याला प्रवासभाडे कशाला? माझ्या मते हा खर्च संस्थेच्या मूळ कार्याचाच भाग मानला पाहिजे.

ब्लॉग, म्हणजे महाजालावरील अनुदिनी, सेवाकार्यात किती उपयोगी पडू शकते याची प्रचिती आपल्याकडे एका महासंकटात आली. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने हिंदी महासागराचे किनारे उद्ध्वस्त केले. तेव्हा मुंबईतील पीटर ग्रिफिन, दीना मेहता आणि रोहित गुप्ता यांनी एक सामुदायिक ब्लॉग सुरू केला. मदतकेंद्रांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक, बेपत्ता व्यक्तींची चौकशी, कोठे कशाची निकड आहे याच्या नोंदी तेथे एकत्र होऊ लागल्या. देशोदेशींचे स्वयंसेवक त्या कामाला येऊन मिळाले. संकटकाळात अशी अनोळखी माणसे सहज जोडली जातात. संकट ओसरल्यावर ती जोडलेली राहण्यासाठी ओळख लागते, आणि ओळखीला प्रत्यक्ष भेटीवाचून मुळे फुटत नाहीत.

योगायोग असा की, त्याच डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात निरनिराळ्या देशांतील ब्लॉगलेखकांचा एक मेळावा भरला होता. रिबेका मॅकिनन आणि ईथन झुकरमन यांच्या पुढाकाराने त्यातून 'ग्लोबल व्हॉइसेस' हा उपक्रम उभा राहिला. या मंडळींचे २००६ चे संमेलन आपल्या दिल्लीत झाले. ब्लॉगवर लिहिणारे बहुधा शहरी, सुशिक्षित आणि इंग्रजी जाणणारेच आहेत, मग बाकीच्यांचा आवाज कोण ऐकणार, या प्रश्नाचा तेथे ऊहापोह झाला. पुढच्याच वर्षी 'रायझिंग व्हॉइसेस' ही शाखा सुरू झाली आणि तळागाळातील गटांना लेखन शिकविण्यासाठी पाच हजार डॉलरपर्यंतची छोटी अनुदाने दिली जाऊ लागली. आरंभीच्या अनुदानांत ढाक्यातील स्त्रियांना संगणक व लेखन शिकविणारी 'नारी जीबन' ही संस्था होती, तसाच कोलकात्याच्या बोबाजार भागातील मुलांसाठीचा एक उपक्रमही होता. दिल्लीच्या त्या दिवसांचा हिशेब केवळ विमानभाड्याच्या रकान्यात कसा मांडणार?

व्यासपीठावरील भाषणांतून शिकण्याजोगे फार थोडे असते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तेच वक्ते, त्याच चित्रफिती. खरी शाळा भरते ती चहाच्या वेळी आणि सभागृहाबाहेरच्या बाकांवर. हॅरिसन ओवेन यांनी १९८० च्या दशकात रूढ केलेल्या 'मुक्त अवकाश' पद्धतीत तर हेच सूत्र धरले आहे. तेथे विषयपत्रिका उपस्थितांनी तेथेच ठरवायची, आणि ज्या चर्चेत आपण काही शिकत नाही, काही देतही नाही, तेथून निःसंकोच उठून दुसरीकडे जायचे. (आपल्याकडील किती सभागृहे या नियमाने रिकामी होतील, याचा विचार न केलेला बरा!)

या बाकांवर जे बोलले जाते ते पुस्तकांत मिळत नाही. उदाहरणार्थ, निवारागृहातील मुलीची कहाणी लिहावी की लिहू नये? कहाणी हृदयस्पर्शी असेल तर देणगी येते, हे प्रत्येक संस्थेला ठाऊक आहे. परंतु काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने मनाई केली आहे. नाव बदलले, पण गाव, शाळा आणि आजोळ तसेच ठेवले, तर ओळख लपली का? एकट्याने लिहिणाऱ्या कार्यकर्त्याला हा प्रश्न अनेकदा सुचतच नाही. तो सुचवतो त्याच वाटेवरून गेलेला दुसरा कोणी तरी.

अपयशाचेही तसेच आहे. देणगीदारांना पाठविलेल्या अहवालात अपयश सहसा नसते. २०१० मध्ये न्यूयॉर्क येथे 'फेलफेअर' नावाचा एक मेळावा भरला. त्यात समाजकार्यासाठी तंत्रज्ञान वापरणाऱ्यांनी आपले फसलेले प्रकल्प सर्वांसमक्ष मांडले. बँकिंग क्षेत्रातील वाचकांना विशेष वाटेल की, त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेनेही असा मेळावा घेतला. एकाच देणगीदाराकडे अर्ज करणाऱ्या दोन संस्था एरवी परस्परांशी बेताचेच बोलतात. समोरासमोर बसल्यावर ही भीड काही अंशी मोडते.

हे सारे दूरदृश्य प्रणालीवर होत नाही का, असा आक्षेप येईल. अमेरिकेतील स्वयंसेवी क्षेत्राची मोठी तंत्रज्ञान परिषद भरविणाऱ्या 'एनटेन' या संस्थेने त्याचा अनुभव घेतला आहे. महामारीमुळे २०२० ची बाल्टिमोर येथील परिषद रद्द झाली आणि पुढील दोन वर्षे ती संगणकाच्या पडद्यावर भरली. व्याख्याने तेथेही झालीच. तरीही २०२३ मध्ये मंडळी पुन्हा डेन्व्हर येथे प्रत्यक्ष एकत्र आली.

खर्चाची अडचण खरी आहे. विदेशी अंशदान विनियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. अशी ओढाताण झाली की लहान संस्था वीजदेयक टाळू शकत नाही, प्रवास मात्र टाळू शकते. म्हणूनच देशी देणगीदाराची जबाबदारी वाढते. त्याने अटी जरूर घालाव्यात. दरवेळी संचालकांनीच जाऊ नये, प्रत्यक्ष लिहिणाऱ्या कार्यकर्त्याला पाठवावे. परतल्यावर आठवडाभरात त्याने सहकाऱ्यांसाठी टिपण लिहावे आणि ते शेजारच्या संस्थांनाही द्यावे. केवळ छायाचित्रे व भेटकार्डे घेऊन येणाऱ्यास पुढच्या वर्षी घरी बसवावे.

आणखी एक सूचना आमच्याच घरासाठी. बँकांच्या प्रशिक्षण केंद्रांतील वर्गखोल्या पुष्कळदा रविवारी बंद असतात. खुर्च्या, फळा, प्रक्षेपक, महाजालाची जोडणी, सारे तेथे असतेच. तिमाहीतून एक रविवार तो वर्ग जिल्ह्यातील दहा-पंधरा लहान संस्थांच्या लेखकांना विनामूल्य दिला, तर त्यांना दिल्लीचे तिकीट काढण्यापूर्वी एकमेकांची ओळख तरी होईल. चहाचा खर्च शाखेने उचलावा.