फोडणीपुरती भिंत

स्वयंपाकघराचे नूतनीकरण निघाले की ओटा, सिंक, ट्रॉल्या या बाबींवर घरात यथासांग खल होतो. परंतु ओट्यामागच्या ज्या भिंतीवर रोज मोहरी तडतडते आणि हळदीच्या तेलाचे शिंतोडे उडतात, तिची तजवीज बहुधा दुकानदाराच्या मर्जीवर सोडली जाते, आणि अंदाजपत्रक फुगते ते नेमके तिथे. मिस्त्री मंडळी या भिंतीवरच्या टाइल्सना ‘डॅडो’ म्हणतात. शब्द मूळचा इटालियन, आणि त्याचा एक अर्थ फासा; दुकानातल्या नमुन्यांसमोर उभे राहिल्यावर तो मला फारच समर्पक वाटला.

हिशेब करून पाहावा. ओटा १० फुटांचा, टाइल १८ इंच रुंद व १२ इंच उंच. म्हणजे एका ओळीत ७ आणि दोन फुटांच्या उंचीला १४. त्याच छतापर्यंत, म्हणजे सात फूट, नेण्याची हौस केली तर ४९ होतात, मजुरी वेगळी. वास्तविक फोडणीचा पराक्रम शेगडीच्या आसपासच संपतो. मग कपाटांनी झाकलेल्या वरच्या भिंतीला चकचकीत आभूषणे कोणाच्या दर्शनासाठी चढवायची? तिथे ऑइल पेंटचे दोन हात पुष्कळ झाले.

काटकसर मात्र सांध्यांत करू नये, हे मी अनुभवाने सांगतो. पूर्वी एकदा मी हौसेने इंच-इंच काचेच्या चौकड्यांचे मोझेक बसवून घेतले. दिसायला ते राजवाड्याला शोभेल असे होते, पण सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असल्याने वर्षभरात त्या शेकडो सांध्यांत हळद अशी मुरली की टूथब्रश घेऊन घासणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या सौंदर्यदृष्टीचा यथोचित समाचार घेतला. मोठी, साधी, गुळगुळीत टाइल घ्यावी आणि वाचलेल्या पैशांतून निदान शेगडीमागे तरी इपॉक्सी ग्राउट भरून घ्यावे; ते महाग असले तरी तेल पीत नाही.

जुन्या टाइल्स सरसकट फोडण्याचा शिरस्ताही मला मान्य नाही. नाण्याने ठोकून पाहावे: आवाज भरीव आला तर त्यांच्यावरच अ‍ॅडहेसिव्हने नव्या बसतात, तोडाई वाचते आणि राडारोड्याची पोती जिन्यावरून उतरवावी लागत नाहीत, आवाज पोकळ आला तर मात्र तेवढ्या काढल्याच पाहिजेत.

यंदा दुकानात मी सरळ विचारले, की कोणाच्या मागणीतून उरलेला एखादा लॉट आहे काय. चौदाच हव्यात आणि तुटफुटीला दोन, हे ऐकून मालकांचा चेहरा जरा पडला. तरी नोकराने जिन्याखालून धुळीने माखलेली तीन खोकी काढली. फिक्या राखाडी रंगाच्या टाइल्स होत्या, आणि मोजल्या तेव्हा सतरा भरल्या.